काकांचं बेटर

माझ्या काकांना इंग्रजी येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. येतं असं लोणावळ्यात त्यांच्या गल्लीला वाटायचं, कचेरीतल्या शिपायांना वाटायचं, आंबीतल्या आमच्या सगळ्या भावकीला वाटायचं आणि सगळ्यांत जास्त त्यांचं त्यांना वाटायचं. खरं तर त्यांच्यापाशी पाच-पंचवीस शब्द होते आणि त्यातला एक त्यांचा फार लाडका होता, बेटर. चहा बेटर, साबण बेटर, शेजार बेटर. आंबीहून कुणी आलं की त्याच्या चपलांकडे बघून म्हणायचे, "बूट घातलेत तर बेटर." मी पुढे शाळेत इंग्रजीच शिकवलं, निवृत्त झाले, आता नातवंडांच्या वह्या तपासते; पण तो शब्द कानावर पडला की अजूनही माझ्या तोंडाची चव जाते.

मला लोणावळ्याला ठेवलं तेही त्या शब्दापायीच. दहावी झाले तेव्हा तळेगावचं कॉलेज आंबीहून सायकलने जाण्याइतकं जवळ होतं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनी सायकल ठाकठीक करून ओट्याला टेकवूनही ठेवली होती. पण काका आले, आमच्या ओट्यावर रुमाल अंथरून त्यावर बसले आणि म्हणाले, "लोणावळ्याचं कॉलेज बेटर आहे. सोसायटी बेटर आहे. पोरीला चार चांगल्या माणसांत राहू दे." आण्णा काकांपेक्षा मोठे. चौथीत शाळा सोडून त्यांनी म्हशी राखल्या, म्हणून धाकट्याला शाळा पुरी करता आली. त्या शिकलेल्या भावाचं आण्णांना इतकं कौतुक होतं, की तो जे बोलेल त्यावर ते नुसती मान हलवायचे. सायकल तशीच राहिली. काकांच्या घरी गेल्यावर आठ दिवसांत मला कळलं, की काकीचे गुडघे धरले आहेत आणि खालच्या नळावरून दोन जिने पाणी वर आणायला घरात कुणीतरी हवं होतं. ते कॉलेज कशात बेटर होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काकांचं घर म्हणजे बाजारामागच्या इमारतीतल्या दोन खोल्या. दारावरच्या पाटीवर आडनावच नव्हतं, नुसती इंग्रजी आद्याक्षरं होती. बुद्धाची तसबीर आतल्या खोलीत, धान्याच्या पिंपाच्या वर, जिथे पाहुणा जाणार नाही अशा भिंतीवर. बाहेरच्या खोलीत एका बर्फाळ डोंगराचं कॅलेंडर होतं. वर्ष उलटून गेलं तरी ते काढलेलं नव्हतं, कारण डोंगर परदेशातला होता. आषाढात त्या घराला बुरशीचा वास यायचा. चपलांवर पांढरी लव धरायची, कपडे वाळायचेच नाहीत. काकी शेगडीवर बांबूची डालगी पालथी घालून त्यावर काकांचे शर्ट पसरायची, आणि मग काका धुराचा वास येणारे शर्ट घालून, वरून पावडर थापून कचेरीत जायचे. सारखी इंजिनं ऐकू यायची. घाटात गाड्यांना मागून लावायची इंजिनं यार्डात उभी राहून धापा टाकायची, शिट्ट्या द्यायची. आंबीच्या बेडकांच्या आवाजाची सवय असलेल्या मला पहिले काही दिवस झोपच यायची नाही.

जेवणातही काकांचं बेटर होतंच. रविवारी सकाळी पाव-लोणी. भाकरीला घरात मज्जाव नव्हता, पण पाहुण्यांसमोर तिचं नाव काढायचं नाही. सुकट-बोंबील तर घरात आणायचेच नाहीत, जिन्यात वास जातो म्हणून. काका कामावर गेले की काकी दारं-खिडक्या लावून तव्यावर सुकट परतायची. आम्ही दोघी खाली बसून गरम भाकरीशी ती खायचो आणि मग काकी उदबत्तीचा अर्धा पुडा जाळायची. "ह्यांना वाटतंय शेजारची आमाला बामन समजत्यात," ती म्हणायची. "शेजारची बाई काल मलाच इचारीत हुती, सुकट कुटनं आणता म्हनून." आणि पदर तोंडाला लावून हसायची. काकीला सही करता येत नव्हती. काका चारचौघांत तिच्याशी बोलायचे नाहीत, पण ओळख करून देताना "माय बेटर हाफ" म्हणायचे. काकी विचारायची, "काय म्हनत्यात गं?" मी अर्थ सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "मग ह्यो अर्धा कशाला मिरवतोय?"

आता मी तळेगावला मुलाकडे राहते. आंबीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना मोठाले फलक दिसतात. त्यावर गुळगुळीत चेहऱ्यांचं एक कुटुंब हसत उभं असतं आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं असतं, बेटर लाइफ, बेटर होम्स. ज्या खाचरात आण्णांनी चिखलणी केली, तिथे तारेचं कुंपण आहे आणि पाटीवर कुत्र्याचं चित्र आहे. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, बेटर हवा खातात आणि बाटल्या ओढ्यात टाकून जातात. काका असते तर त्या फलकापुढे उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला असता.

आण्णा दिवसा कारखान्यात जायचे आणि उरलेल्या वेळात शेतात. माणूस अबोल. लोणावळ्याला मला भेटायला यायचे, तेव्हा पिशवीत तांदळाची पिठी, वालाचे दाणे आणि पावसाळा असला तर ओढ्यातले खेकडे असायचे, करंजाच्या पाल्यात गुंडाळलेले. काका ती पिशवी दाराबाहेरच ठेवायला लावायचे. आण्णांना त्याचंही काही वाटायचं नाही. "त्याचं बरोबर हाय," म्हणायचे, "त्याला मान्सांत राहायचं असतं." त्या वर्षी लावणी चालू असताना त्यांना ताप आला. दोन दिवस अंगावर काढला, मग डोळे पिवळे झाले. गावात कावीळ उतरवणाऱ्याने काहीबाही करून पाहिलं, आणि शेवटी आईने त्यांना तळेगावच्या दवाखान्यात नेलं. हे सगळं मला कळलं ते गावातला एकजण चिक्कीच्या दुकानात कामाला होता त्याच्याकडून. मी लगेच निघायचं म्हणाले. काका म्हणाले, "घाई करू नकोस. मी डॉक्टरांशी बोलतो. त्या माणसांशी कसं बोलायचं ते आम्हाला माहीत आहे."

शनिवारी संध्याकाळी काकांनी नाक्यावरच्या बूथवरून दवाखान्यात फोन लावला. मी काचेबाहेर छत्री धरून उभी होते. आत काका ताठ उभे होते, डावा हात पाठीमागे आणि "यस मॅडम, यस मॅडम" चाललेलं. बाहेर आले तेव्हा चेहरा फुललेला. वाटेत काही सांगितलं नाही. असली बातमी ते ताटावर बसल्याशिवाय देत नसत. जेवायला बसल्यावर त्यांनी पहिला घास खाल्ला, पाणी प्याले आणि डॉक्टरीणबाईंचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, अगदी त्यांच्या आवाजात. "ही इज बेटर. यू हॅड बेटर ब्रिंग द डॉटर." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दोनदा बेटर म्हणाल्या. एकदा नाही, दोनदा."

"पण पुढे काहीतरी आणा असं म्हणाल्या ना? डॉटर म्हणजे मी," मी म्हटलं.

"नीट ऐक. हॅड. हॅड म्हणजे भूतकाळ. म्हणजे आधी आणली असती तर बेटर झालं असतं. आता तो बेटर आहे, आता गरज नाही. हे तुमच्या मराठी मीडियममध्ये शिकवत नाहीत."

काकी भाकरी थापता थापता थांबली. "आवो, ती बाई पोरीला घेऊन या म्हनली न्हवं? मग न्या की उद्याच्याला. तुमचा सख्खा भाऊ हाय."

"तुला हॅड कळतं का?" काका म्हणाले. "उद्या साहेब जेवायला येणारेत. हिला सोडलं तर वाढणार कोण? तुझे गुडघे?"

रविवारचं जेवण हेच खरं कारण होतं. काकांच्या कचेरीचे वरचे साहेब तपासणीला आले होते आणि विश्रामगृहात उतरले होते. काकांना बढती हवी होती. त्या हॅडचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. भूतकाळ आहे म्हटल्यावर मी ते खरं मानलं. आता वाटतं, भाषा अर्धी येण्याइतकं सोयीचं काही नाही. ज्याला मुळीच येत नाही तो दुसऱ्याला विचारतो. अर्धी येणारा हवा तो अर्थ काढतो, आणि वर व्याकरण सांगतो.

रविवारी पहाटेपासून आम्ही दोघी राबलो. कटलेट, मटार पुलाव, कोशिंबीर, आणि काकांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकातून काढून आणलेलं कस्टर्ड. ते दोनदा फुटलं, तिसऱ्यांदा जमलं. शेजारून काट्या-चमच्यांचा संच मागून आणला. साहेब एकच्या सुमाराला आले. पिकल्या केसांचा शांत माणूस, मराठीत बोलणारा. आल्या आल्या त्यांनी बूट जिन्यात काढले. काका "असू दे सर, असू दे सर" करत होते तरी काढले. जेवताना त्यांनी कटलेट हाताने मोडून खाल्लं. काकांनी घाईघाईने आपला काटा खाली ठेवला.

साहेबांनी सहज विचारलं, घरचे कुठले, भाऊ-बहीण किती. काका ह्याचीच वाट पाहत होते. "माझे ब्रदर सध्या हॉस्पिटलाइज्ड आहेत, सर. जाँडिस. पण काल मी डॉक्टरांशी बोललो. शी सेड, ही इज बेटर, यू हॅड बेटर ब्रिंग द डॉटर." आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही डॉटर."

साहेबांचा हात ताटातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुलावाचं भांडं घेऊन उभी होते.

"हे कधी सांगितलं डॉक्टरांनी?"

"काल संध्याकाळी, सर."

"मग ही इथं काय करतेय?" काका हसत म्हणाले, "हॅड म्हणजे भूतकाळ ना, सर." साहेबांचा आवाज चढला नाही, पण ते उठून उभे राहिले. "अहो, यू हॅड बेटर म्हणजे ताबडतोब आणा. उशीर केलात तर पस्तावाल, असं असतं ते. त्यात भूतकाळ-बीतकाळ काही नाही. डॉक्टर कुणाला असं कधी म्हणतात ते ठाऊक नाही तुम्हाला?"

त्या क्षणाला काकांनी काय केलं ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणूनच लिहिते आहे. ते म्हणाले, "यस सर, तेच सर. निघणारच होतो. फक्त कस्टर्ड झालं की."

साहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. हात धुतले, खिडकीतून ड्रायव्हरला हाक मारली आणि मला म्हणाले, "बाळ, जीप खाली आहे. जा." काकी त्याच चुरगळल्या पातळात, पिठाच्या हातांनी माझ्यामागे निघाली, गुडघ्यांचं तिने नावही काढलं नाही. साहेब पायीच विश्रामगृहाकडे निघाले. जीप वळली तेव्हा मागे बघितलं, तर काका त्यांच्या डोक्यावर छत्री धरून बाजूने चिखलातून चालले होते. भाऊ तळेगावला मरत होता, जीपमध्ये जागा होती, आणि हा माणूस साहेबांचं डोकं भिजू नये म्हणून उलट्या दिशेला चालला होता.

कामशेत, वडगाव, तळेगाव. काकी सबंध वाट माझा हात धरून बसली. दवाखान्यात आई खाटेपाशी खाली बसली होती. मला बघून उठली नाही. "सकाळपास्नं इचारीत हुते," ती म्हणाली. "आली का, आली का. मी म्हनायची, येतीया. लय येळ बोलत व्हते गं, शुद्धीवर व्हते. सायकलचं काय तरी सांगायचं म्हनत व्हते तुला. दुपारपास्नं बोलनं बंद झालंय." आण्णांचे डोळे अर्धवट उघडे होते, पिवळेजर्द. मी हाका मारल्या, हात चोळले, तळवे चोळले. कुठून तरी लांबून घरघर येत होती. दिवस मावळायच्या आत ती थांबली. सायकलचं काय सांगायचं होतं ते त्यांच्याबरोबर गेलं. नवी घेऊन देतो म्हणणार होते, विकून टाका म्हणणार होते, की काहीच नाही, नुसतं तापातलं बोलणं होतं, ह्यावर मी नको तितका विचार केला आहे आयुष्यात.

त्या डॉक्टरीणबाईही मला आठवतात. पुण्याच्या होत्या, तिशीच्या आतबाहेर. आईशी स्वच्छ मराठीत बोलत होत्या. मला म्हणाल्या, "कालच सांगितलं होतं मी तुझ्या काकांना. आदल्या रात्रीपेक्षा थोडे बरे आहेत, पण मुलीला आणा. सकाळ हातात आहे, पुढचं सांगता येत नाही."

"मराठीत सांगितलंत?" मी विचारलं.

"ते इंग्रजीत बोलत होते," बाई म्हणाल्या, "म्हणून मीही इंग्रजीत सांगितलं." आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. एकाला कळत नव्हतं आणि ते कबूल करायची लाज वाटत होती; दुसरीला मराठी येत होतं, आणि समोरचा अडखळतोय हे ऐकू येत असून ते वापरावंसं वाटलं नाही. दोघांनी मिळून माझ्या बापाची शेवटची सकाळ घालवली. बाईंना माझ्या लेखी काकांहून तसूभर कमी दोष नाही. फक्त काका आमचे होते, म्हणून त्यांचा राग जास्त दिवस पुरला.

आण्णांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला काका पांढऱ्या सफारीत आले. आंबीच्या समाजमंदिरात सतरंज्या घातल्या होत्या, पुढे बुद्धमूर्ती आणि तिच्याशेजारी आण्णांचा कारखान्याच्या ओळखपत्रावरून मोठा करून आणलेला फोटो. त्रिशरण-पंचशील झालं. मग एकेकजण उठून आण्णांबद्दल बोलला. बरोबरीचे कामगार, शेजारी, कुणाला त्यांनी विहीर खणायला मदत केली होती, कुणाचं पोर पाण्यातून काढलं होतं. बाहेर पत्र्याखाली पंगतीची तयारी चालली होती, खिरीचा वास येत होता. शेवटी काका उठले. बराच वेळ बोलले, निम्मं स्वतःच्या शिक्षणाबद्दल. आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "आज माझा भाऊ आपल्यात नाही. पण आय नो, ही इज इन अ बेटर प्लेस."

पुढे बसलेले आबा भावकीतले सगळ्यांत मोठे. कान पुढे करून त्यांनी विचारलं, "म्हंजी कुटं?"

"म्हणजे चांगल्या जागी, आबा. वर."

"वर?" आबांनी छताकडे पाहिलं. "किसना, वरचं समदं आपण सोडून दिलं की रं. तू कवा परत धरलंस?"

काही लोक हसले. काकाही हसले, आणि बसायला वळले. मी बायकांत मागे होते. कशी उठले ते आठवत नाही, पण उभी होते.

"कशापेक्षा बेटर, काका?" मी विचारलं. "आंबीपेक्षा? आईपेक्षा? आम्ही इथं बसलोय त्यापेक्षा?" आमच्या बोलीत नुसतं बेटर म्हणताच येत नाही, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा समजलं. पेक्षा म्हणावंच लागतं, आणि पेक्षाच्या आधी कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं, त्याच्या तोंडावर. ते नाव गिळता यावं म्हणून काकांना तो परका शब्द इतका प्यारा होता.

"ही जागा नव्हे असं बोलायची," काका म्हणाले.

"मग मी जागेचं बोलते," मी म्हटलं, आणि दवाखान्यातलं ते वाक्य सगळ्यांना सांगितलं. आधी इंग्रजीत, मग त्याचा काकांनी काढलेला अर्थ, मग खरा अर्थ. साहेबांचं सांगितलं, कस्टर्डचं सांगितलं, छत्रीचं सांगितलं. रडले नाही. आवाज कापतोय असं वाटत होतं, पण काकी नंतर म्हणाली, पार बाहेर चुलीपर्यंत ऐकू आलं. काकी खाली मान घालून बसली होती आणि तिने मान वर केली नाही, मला गप्पही केलं नाही.

"बोल, किसना," आबा म्हणाले. "पोरगी इचारतीया."

काकांनी सफारीची बाही मागे सारून घड्याळ पाहिलं. "माझी लोकल चुकेल," ते म्हणाले, आणि लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत, कुणाच्या हातापायावर पाऊल देत दाराशी गेले. बूट घालायला त्यांना बराच वेळ लागला. सगळी माणसं मान वळवून बघत होती. मग ते गेले.

बाहेर पहिली पंगत मांडलेली होती. एका वाढप्याने माझ्या आईला हळूच विचारलं, "वैनी, काकांचं ताट वाढलंय. झाकून ठिवू का?"

"झाकतो कशापायी?" आई म्हणाली. "गरम हाय तवर कुनाला तरी दे." मग माझ्याकडे वळली. "आणि तू बस. सांगून झालं न्हवं? जेव आता."